बहिणीचा फोंटा चालतो, मग सातबारावर तिचं नाव का चालत नाही?

दिवाळी तोंडावर आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ठरलेला वाद सुरू होतो. बौद्धांनी भाऊबीज करावी की करू नये? एक जण बावीस प्रतिज्ञा टाकतो. दुसरा म्हणतो, बहीण-भावाच्या प्रेमाला धर्म नसतो. तिसरा दुसऱ्याला 'अर्धवट बौद्ध' ठरवून मोकळा होतो. चार दिवस खडाजंगी होते, दोघे-तिघे ग्रुप सोडतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत सगळं शांत होतं. पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच वाद आणि तीच माणसं.

मी या वादात कायम 'करू नये' या बाजूला होतो. आजही त्याच बाजूला आहे. पण गेल्या वर्षी चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात एक प्रसंग पाहिला आणि आपण भलत्याच जागी भांडतोय असं वाटू लागलं. आरतीचं ताट घरात आणायचं की नाही, यावर आपण जीव तोडून बोलतो. त्या ताटाच्या आड बहिणीचं काय काय काढून घेतलं जातं, यावर मात्र आपला आवाज निघत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

चंद्रपूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. मूल रोडवर बंगाली कॅम्प नावाची मोठी वस्ती आहे. आता शहर तिला ओलांडून पुढे गेलं, पण नावातला 'कॅम्प' काही गेला नाही. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून आलेली ही माणसं. १९६० च्या दशकात सरकारने त्यांना तेव्हाच्या अखंड चांदा जिल्ह्यात आणून वसवलं. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यामुळे आज चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतली बंगाली गावं गडचिरोलीत आहेत आणि शहरालगतचा कॅम्प चंद्रपुरात. नदी-खाडीच्या मुलखातली माणसं सागाच्या जंगलात आली. त्यांनी बांध घातले, धान लावलं, बोड्यांत मासे सोडले. मुलचेऱ्याकडे गेलात तर विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी गावांची नावं दिसतील. शिबिरातून आलेल्या लोकांनी नव्या मुलखात उभी केलेली ही गावं.

कॅम्पात एक बाई शिवणकाम करतात. आमच्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांच्याकडूनच शिवून येतात. वस्तीच्या नळासाठी निवेदन घेऊन फिरताना ओळख वाढली. मी त्यांना दीदी म्हणतो, त्या मला दादा म्हणतात. 'दादा' हा शब्द त्यांच्या भाषेतही तोच आणि आपल्या भाषेतही तोच. गेल्या दिवाळीत त्यांनी आग्रहाने बोलावलं, "दादा, भाईफोंट्याला या."

भाईफोंटा म्हणजे त्यांची भाऊबीज. दिवस तोच, कार्तिक शुद्ध द्वितीया. कथाही तीच, यम आणि त्याची बहीण यमुना. बहीण भावाच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावते, डोक्यावर दूर्वा आणि धान ठेवते, यमाच्या दारात काटा पडो अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. बाया तोंडाने उलू करतात, शंख वाजतो. मग मिठाई आणि भेटवस्तू. भटजी नाही, मुहूर्ताची दक्षिणा नाही.

मी दीदींना आधीच सांगितलं होतं, "येईन, पण टिळा लावून घेणार नाही. आमच्या प्रतिज्ञा आहेत." त्या हसल्या. म्हणाल्या, "टिळा नको तर नको, पायेश तरी खाल ना?" पायेश म्हणजे तांदळाची खीर. ती खाल्ली. तत्त्व सोडलं नाही आणि बहिणीचं घरही टाळलं नाही. हे जमतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट पुढेच आहे.

दीदींचा सख्खा भाऊ मुलचेरा तालुक्यातल्या गावाहून आला होता. फोंटा झाला, जेवण झालं, साडीचं पुडकं दीदींच्या हातात आलं. त्यानंतर त्याने पिशवीतून कागद काढले. वडील वारले होते, शेतीवर वारसांची नावं चढायची होती. "परवा रजिस्ट्रीला यावं लागेल, एक सही आहे," तो म्हणाला. दीदी मराठी फर्डी बोलतात, पण वाचता येत नाही. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले, "दादा, काय लिहिलंय बघा."

हक्कसोड पत्र होतं. राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, भावाच्या लाभात वडिलांच्या जमिनीतला हिस्सा कायमचा सोडत आहे, असा मजकूर.

मी वाचून दाखवलं. खोलीत कोणी बोललं नाही. भाऊ काही वाईट माणूस नव्हता. तोही खाली मान घालून बसला. म्हणाला, "सगळेच असं करतात." दीदींनी त्या दिवशी हो किंवा नाही काही म्हटलं नाही. तो गेल्यावर मला एवढंच विचारलं, "सही नाही केली तर पुढच्या वर्षी फोंटा कुणाला देऊ, दादा?"

मित्रांनो, या एका वाक्यात या सणाचं सगळं अर्थशास्त्र आलं.

माहेर टिकवायचं तर हिस्सा सोडायचा. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. भाऊ दरवर्षी साडी देतो, म्हणजे तो दाता. बहीण दरवर्षी घेते, म्हणजे ती याचक. जिचा कायद्याने हक्क आहे, तिला वर्षातून एकदा भेट देऊन उपकाराच्या ओझ्याखाली ठेवायचं. हक्क मागायची लाज वाटावी अशी ही सोय आहे. ओवाळणीचं ताट त्या सोयीला गोड करतं.

राखीचंही तेच. 'रक्षण' हा शब्दच पाहा. बालपणी बापाने, तारुण्यात नवऱ्याने, म्हातारपणी मुलाने स्त्रीचं रक्षण करावं आणि ती कधीच स्वतंत्र असू नये, हा मनुस्मृतीचा दंडक. तीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली गेली. त्याच्याही आधी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने, आणि त्यासाठी स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो. तो ताबा घरात कोण ठेवतं? बाप आणि भाऊ. मनगटावर धागा बांधून घेणारा भाऊच बहिणीने जातीबाहेर पाऊल टाकलं की तिच्या वाटेत उभा राहतो. तेव्हा रक्षण बहिणीचं होत नाही, जातीचं होतं. संघाने आपल्या सहा उत्सवांत रक्षाबंधन उगाच घेतलेलं नाही. ज्या वस्त्यांना समान हक्क द्यायची तयारी नाही, तिथे धागा घेऊन जाणं स्वस्त पडतं.

इथवर आपल्यापैकी बहुतेक जण माना डोलावतील. आता जे लिहितो ते डोलावत वाचता येणार नाही.

माझ्या घरी भाऊबीज होत नाही. आमच्या वडिलांनी देव्हारा काढला तो आमच्या जन्माआधी. राखी माझ्या मनगटाला कधी लागली नाही. घरात तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो. २०११ मध्ये वडील गेले. सिंदेवाही तालुक्यात आमची थोडी धानाची जमीन आहे. वारसांच्या नोंदीच्या वेळी आम्ही भावांनी ठरवलं आणि बहिणीला बोलावलं. तिने सही केली. काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर तिचा हिस्सा आमचा झाला. ती काही बोलली नाही आणि आम्हीही तिला विचारलं नाही. येताना वहिनीने तिला साडी दिली.

ना ताट, ना टिळा, ना यम-यमुनेची कथा. तरी निकाल दीदींच्या घरी होऊ घातला होता तोच.

म्हणून मी म्हणतो, आपण भलत्या जागी भांडतोय. सण सोडला हे योग्यच केलं. पण सणाच्या पोटातली व्यवस्था आपण उचलून तशीच बुद्ध विहारात आणली. धागा फेकला, जमीन ठेवली. प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही बहिणीला साडीच मिळते, आणि वर आपण म्हणतो की आमच्यात स्त्रीला समान मानतात.

बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद कशासाठी सोडलं, हे आपण दर १४ एप्रिलला भाषणात सांगतो. हिंदू कोड बिल. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोट, एकपत्नीत्व. बिल गुंडाळलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बिलाच्या विरोधकांचा एक मोठा आक्षेप असा होता की मुलीला वाटा दिला तर घर फुटेल, बहीण-भावात वितुष्ट येईल. म्हणजे भावाचं प्रेम बहिणीच्या उपाशीपणावर उभं आहे, अशी कबुलीच ती. आज आपल्या गावातला भाऊ तेच म्हणतो, "कागदावर नाव आलं की नात्यात अंतर येतं." तो कोणाच्या बाजूने बोलतोय, हे त्याला कळतं का?

कायदा पुढे गेला. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, चंद्रपूरच्या धम्मदीक्षेच्या चार महिने आधी. बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. देशभर तो हक्क, विवाहित-अविवाहित भेद न करता, ९ सप्टेंबर २००५ पासून आला. त्या तारखेला बाप जिवंत नव्हता म्हणून हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. 'आम्ही हिंदू नाही' म्हणून यातून सुटका नाही. आदिवासींना हा कायदा लागू नाही. पण जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथेही स्त्रीचा समान वाटा मान्य केला. आपल्या जिल्ह्यांतल्या गोंड भगिनींनी हे लक्षात ठेवावं.

कायदा आला, पण घरोघरी त्याला एक पळवाट ठेवली गेली आहे, ती म्हणजे हक्कसोड. कायद्याने दिलेलं बहीण 'स्वखुशीने' परत करते. आक्षेप ठरलेले असतात. एकेकाचं उत्तर देतो.

"तिच्या लग्नात खर्च केला." लग्नातला खर्च मुलाच्याही लग्नात होतो. त्याच्या वाट्यातून तो वजा केल्याचं कधी पाहिलंय?

"म्हातारपणी आई-बापाला आम्ही सांभाळलं." सांभाळलं असेल, ते चांगलंच. पण बहुतेक घरांत ते सुनेने सांभाळलेलं असतं. आणि त्या सुनेने आपल्या माहेरी आधीच हक्कसोड केलेलं असतं.

"जमीनच किती? तुकडे होतील." तीन भावांत तुकडे होताना हा विचार येत नाही. चौथं नाव बहिणीचं आलं की तुकडे दिसतात.

"ती स्वतःच नको म्हणते." दीदींचं वाक्य पुन्हा वाचा. ज्या 'नको'ची किंमत माहेर आहे, त्याला स्वखुशी म्हणत नाहीत.

आता दुसरा मुद्दा. तो या बंगाली वस्तीबद्दलच आहे, आणि वेगळा वाटला तरी वेगळा नाही.

कॅम्पातल्या आणि मुलचेऱ्यातल्या या लोकांत मोठा भाग नमःशूद्रांचा आहे. म्हणजे बंगालमधले अस्पृश्य. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जायची वाट बंद होती. तेव्हा त्यांना बंगालमधून निवडून आणलं ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मंडल नमःशूद्र. फाळणीनंतर ती जागा गेली आणि बाबासाहेब जुलै १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिलं दार बंगालने उघडलं होतं. पुढे बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि मंडल पाकिस्तानचे. मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले, एका वर्षाने बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. आपण ज्यांना 'बंगाली, मच्छीवाले' म्हणतो, ते या इतिहासातून आले आहेत. त्यांच्यात हरिचंद ठाकुरांचा मतुआ पंथ आहे, ज्याने ब्राह्मणाच्या मध्यस्थीला नकार दिला. हरिचंदांचे पुत्र गुरुचंद ठाकुर यांनी मंदिरांपेक्षा शाळांवर भर दिला.

आणखी एक योगायोग पाहा. १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची पहिली फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथ टागोरांच्या हाकेवरून कोलकात्यात लोकांनी एकमेकांना राख्या बांधल्या. आम्ही सगळे बंगाली भाऊ-भाऊ, असा तो संदेश. पण स्वदेशी आणि बहिष्काराच्या त्या चळवळीपासून नमःशूद्र पुढारी दूर राहिले. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, त्यांच्या मनगटाला राखी मात्र चालते, हे बंधुत्व त्यांना पटलं नाही. बरोबर एक्कावन्न वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी कोणी कोणाला धागा बांधला नाही. माणसाला माणूस म्हणून उभं केलं.

आज या नमःशूद्रांचा प्रश्न काय आहे? पश्चिम बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत आहेत, आसाममध्ये आहेत, त्रिपुरात आहेत. महाराष्ट्रात नाहीत. अनुच्छेद ३४१ नुसार यादी राज्यवार असते आणि ती बदलायचा अधिकार फक्त संसदेला आहे. म्हणून आजोबा अस्पृश्य म्हणून जगले, नातू मुलचेऱ्यात जन्मला आणि त्याच्याकडे जातीचा दाखला नाही. शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही. ते अनेक वर्षं मागणी करत आहेत.

त्यांच्या मागणीवर आपल्याच काही कार्यकर्त्यांच्या तोंडून मी ऐकलंय, "वाटेकरी कशाला वाढवायचे?"

शब्द ओळखीचा वाटतो ना? बहिणीच्या वाट्याबद्दल भाऊ हेच म्हणतो.

१९५० च्या आदेशात धर्माची अट होती. १९५६ मध्ये आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीबाहेर गेलो. राज्याने सवलती दिल्या, पण केंद्रात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं आपण दाराबाहेर उभे होतो. दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांनीच आतून कडी लावायची? वाटा कमी पडत असेल तर वाटा वाढवण्यासाठी एकत्र भांडू. रिकाम्या अनुशेषाच्या जागांसाठी भांडू. पण भाऊ म्हणायचं आणि हिस्सा नाकारायचा, ही रीत आपली नाही. ती ज्यांची आहे, त्यांच्याशीच आपलं भांडण आहे.

आपल्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडया आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. लेकी माहेरी येतात, आपल्या बौद्ध घरांतल्याही येतात. पूजा नसली तरी नाटक असतं, चार दिवस घर भरलेलं असतं. त्या आल्या की त्यांचं स्वागत करा, त्यांना नाटक दाखवा. ताट फिरवू नका, हे मी आजही सांगेन. पण यंदा एक काम करा. त्या घरात असतानाच सातबारा काढा आणि मोठ्याने वाचा. तिचं नाव आहे का बघा. वारस नोंद करताना बहिणींची नावं गाळली असतील तर तलाठ्याकडे अर्ज द्या. हक्कसोड अजून झालं नसेल तर होऊ देऊ नका. आणि झालं असेल तर भावांनो, तुमच्या वाट्यातून बक्षीसपत्र करता येतं. शाखेच्या बैठकीत, विहारात, बावीस प्रतिज्ञांच्या वाचनानंतर हा विषय घ्या. आपल्यापैकी किती जणांनी बहिणीचा वाटा दिला, असं विचारा. हात वर होतील तेव्हा आपण किती पाण्यात आहोत ते कळेल.

मी माझ्या बहिणीला फोन केला. चौदा-पंधरा वर्षांनी विचारलं, "तेव्हा तुला काय वाटलं होतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं कदाचित. पण विचारायला पाहिजे होतं." माझ्या वाट्यातून तिचा हिस्सा तिच्या नावे करायचं मी ठरवलंय. माझ्या भावाला ते मान्य नाही. घरात बोलणं थोडं कमी झालंय. होऊ दे.

दीदींनी अजून सही केलेली नाही. भाऊ यंदा फोंट्याला येईल की नाही, त्यांना ठाऊक नाही. पायेश मात्र करणार आहेत. मी जाणार आहे. या वेळी माझ्या बहिणीलाही सोबत नेईन.

जय भीम.